मालक बाहेर गेला आहे

गवीपुरम, बंगळूर
१५ नोव्हेंबर १९५९

चि. हेमलता हिला मानसिंगराव मोहिते यांचा आशीर्वाद.

वर खोडले आहे तिकडे लक्ष देऊ नकोस. सवयीने हात 'सौ.' लिहून गेला. दुसरा कागद घ्यावा असे वाटले, पण त्यावर 'सौ.'च्या जागी काय लिहायचे ते ठरेना. म्हणून नुसते 'चि.' ठेवले आहे. मी आहे तोवर तेच लिहीन.

तुम्ही दोघी कोल्हापूरला सुखरूप पोचल्याचे तुझ्या दादाचे कार्ड गणपतीच्या सुमारास आले. त्यानंतर तुझे काही नाही. विद्याचा खोकला गेला का? तिकडे थंडी पडली असेल. कानाला बांधत जा. तिला रात्री पांघरूण लाथाडायची सवय आहे, एकदा उठून बघत जा. गाडीत बसवून दिले तेव्हा तिची एक चप्पल स्टेशनवर राहिली होती, ती मिळाली का नवी घेतली?

आता मुख्य गोष्ट. प्रतापच्या टॅक्सीचे पासिंग जानेवारीत आहे. वर्षातून एकदा गाडी सरकारी साहेबाला दाखवावी लागते, ज्याला इथे सगळे ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात. गाडी पास झाली तर भाड्याने चालवायचा परवाना राहतो. नाही झाली तर जातो, आणि एकदा गेलेला परवाना पुन्हा मिळवायला माझे उरलेले आयुष्य पुरणार नाही असे स्टँडवरचे लोक म्हणतात. परवाना राहिला तर वारस म्हणून तुझ्या नावावर करून घेता येईल. गाडीवर ड्रायव्हर ठेवू. घर चालेल, आणि तुम्ही दोघी परत याल. भाऊ झाला तरी ते त्याचे घर आहे. मी एवढेच मनात धरले आहे, दुसरे काही नाही.

स्टँडवर प्रतापच्या शेजारी गाडी लावणारा हयवदन दोनदा येऊन गेला. म्हणाला, "अण्णा, गाडी नुसती उभी करू नका. मला द्या. मी भाडी मारतो, अर्धे तुम्हाला." मी नको म्हटले. आषाढात जे झाले ते कचेरीत कळवले का, असेही विचारत होता. अजून कळवलेले नाही. आधी गाडी पास होऊ दे, मग कळवू.

गाडी का दिली नाही ते तुला सांगतो. मी जन्मभर जटका हाकला. म्युनिसिपालटीचा साहेब वर्षातून एकदा घोडा आणि गाडी बघायचा. त्याच्या आधी पंधरवडाभर आम्ही घोडा जुंपत नसू. भिजवलेली हुरळी खायला, रोज खरारा, काम काही नाही. दमलेले जनावर साहेबाला लगेच कळते. तेच मी या मॉरिसला करतो आहे. म्हातारी गाडी आहे म्हणून तिला जास्त दिवस दिले आहेत. दारासमोर उभी केली आहे, वर घोड्याची जुनी कांबळी घातली आहे. कोणाला हात लावू देत नाही. रोज पुसतो.

रत्नाबाई शेजारून दुपारी नाचणीचे मुद्दे आणि सारू देतात. माझी काळजी नको.

मानसिंगराव


कोल्हापूर
२ डिसेंबर १९५९

तीर्थरूप मामंजींना हेमलताचा नमस्कार.

पत्र पोचले. उत्तराला उशीर झाला त्याला काही कारण नव्हते. कागद घेऊन बसते आणि उठते.

विद्याचा खोकला गेला. चप्पल नवी घेतली. ती इथल्या शाळेत बसते, तात्पुरती. दादा-वहिनी चांगले वागतात.

मामंजी, रागावू नका, पण गाडी म्हणजे घोडा नाही. हे सुट्टीच्या दिवशीसुद्धा सकाळी एकदा इंजिन चालू करून गाडी दारातल्या दारात पुढेमागे करायचे. मी विचारले होते, भाडे नसताना पेट्रोल कशाला जाळता. म्हणाले, बसून राहिली की रुसते. तेव्हा कांबळी आधी काढा. तिकडे अजून पाऊस असेल, कांबळी पाणी धरून ठेवते. हयवदनभावजींना बोलावून गाडी रोज चालवून घ्या. हुरळी घातली नसेल अशी आशा आहे.

खर्च फार करू नका. रंगाला पैसे घालू नका. ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर, दारे लागतात की नाही, हेच बघतात असे हे सांगायचे. जे लागेल ते जुन्या सामानाच्या गुजरीत बघा.

आणि कचेरीत कळवा. कोणीतरी सांगायला हवेच. गाडी चालू राहिली की तुमच्या जेवणाखाणाची मला काळजी राहणार नाही.

हेमलता


गवीपुरम, बंगळूर
२० डिसेंबर १९५९

चि. हेमलता हिला आशीर्वाद.

तुझे पत्र आले तेव्हा उशीर झाला होता. कांबळी काढली तर खाली टपावर गंजाचे पट्टे. हयवदनने चावी फिरवली, काही आवाज नाही. हँडल घालून फिरवले, इंजिनाने एकदा खोकल्यासारखे केले आणि पुन्हा गप्प. मग आम्ही चौघांनी ढकलली, तर गाडी हलेना. मागची चाके धरून बसली होती.

बसवनगुडीत कृष्णमूर्ती म्हणून मेकॅनिक आहे, प्रताप त्याच्याकडेच जायचा, त्याला आणले. त्याने चाकाखाली डोके घातले, बाहेर काढले आणि माझ्याकडे बघितले.

"अज्जा, गाडी इतके दिवस निजवून ठेवायला कोणी सांगितले?"

"पासिंग आहे म्हणून विश्रांती दिली."

"काय दिली?"

मी जटक्याचे सगळे सांगितले. तो रस्त्यावर बसून हसला. हयवदनही हसला. मग कृष्णमूर्ती म्हणाला, "आता नाल पण ठोकून देऊ का? चार ठोकू की पाच, स्टेपनीला पण?" मलाही हसू आले असते. तोंडाला तसे करायची आठवण झाली, पण झाले नाही. त्यांना वाटले मला राग आला. मग ते कामाला लागले.

ब्रेकचे पट्टे गंजून आतल्या आत चिकटले होते. हातोडीने ठोकून सोडवले. बॅटरी मेली होती. पुढच्या दिव्याची वायर उंदरांनी खाल्ली होती. एका बाजूचे टायर एकाच जागी वजन पडून चपटे झाले आहे. हे सगळे चार-पाच महिन्यांत. जनावराला विश्रांती दिली तर ते सुधारते, हिला दिली तर ही बिघडते. मला हे कोणी सांगितले नव्हते, म्हणजे हयवदन सांगत होता.

तुझ्या सांगण्याप्रमाणे नवे काही घेतले नाही. ब्रेकला जुन्याच पट्ट्यांवर नवी लायनिंग मारली. बॅटरी गुजरीतून आणली. जटक्याचे पितळी दिवे होते ते त्याच दुकानात दिले. कोणाच्या कामाचे नव्हते. वायपरला रबर सायकलच्या ट्यूबचे कापून बसवले, कृष्णमूर्ती म्हणतो साहेब वायपर फिरतो का ते बघतो, जात विचारत नाही. डाव्या मागच्या दाराचा खटका मिळत नाही. ते दार धरून बसावे लागते. त्याची मला फार काळजी आहे.

सीट वाळवायला बाहेर काढली. खाली शेंगांची टरफले होती आणि विड्यांची थोटके. तो विडी ओढायचा हे मला ठाऊक नव्हते. तुला असेल. शेंगांची जत्रा गेल्या महिन्याच्या अखेरीस झाली, देवळापासून रस्ताभर ढीग होते. मी गेलो नाही.

हँडब्रेक सैल आहे, धरणार नाही, केबल बदलायला हवी, असे कृष्णमूर्ती म्हणाला. मी म्हटले, त्या दिवशी तर धरला होता. ते तुला कोणी सांगितले की नाही माहीत नाही म्हणून लिहितो. त्याने गाडी स्टँडच्या उतारावर नीट रांगेत लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. लोकांना वाटले झोपला. मला बोलवायला आले तेही तसेच म्हणाले, प्रताप उठत नाही. गाडी मात्र जागची हलली नव्हती. कृष्णमूर्ती ऐकून घेऊन म्हणाला, तरी बदलायला हवी. बदलली.

कचेरीत अजून गेलो नाही. पाऊस होता.

दादाला नमस्कार. विद्याला दूध देतात ना?

मानसिंगराव


कोल्हापूर
४ जानेवारी १९६०

तीर्थरूप मामंजींना नमस्कार.

हँडब्रेकचे मला कोणी सांगितले नव्हते. बरे केले सांगितलेत.

विडीचे माहीत होते. तुमच्या भीतीने ते कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली संपवून मग घरी यायचे.

दादा परवा म्हणाला, गाडी विकून टाकायला सांग, पैसे मुलीच्या नावावर टाकू. मी नाही म्हटले. ती गाडी विकायची नाही, ती चालू राहायला हवी, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो पुन्हा बोलला नाही. तुम्हीही कोणाच्या बोलण्यावर जाऊ नका. पास करून घ्या.

दाराच्या खटक्याला हयवदनभावजींना विचारा. त्यांच्या पहिल्या गाडीचे सुटे भाग त्यांनी माळ्यावर ठेवले आहेत, त्यांच्या बायकोची तीच तक्रार असायची.

विद्याला दूध देतात. ती वाढली आहे. मी सकाळी इथल्या बालवाडीत जाते, वेळ जातो.

कचेरीचे विसरू नका.

हेमलता


गवीपुरम, बंगळूर
२३ जानेवारी १९६०

चि. हेमलता हिला आशीर्वाद.

दार आता लागते. खटका हयवदनच्या माळ्यावरच मिळाला. त्याची बायको म्हणाली, "चला, एक तरी वस्तू घराबाहेर गेली."

तू दादाला स्पष्ट सांगितलेस ते वाचून मी पत्र रत्नाबाईंना वाचून दाखवले. गाडी विकायची नाही म्हणजे तू यायचे ठरवलेस. मला आधीच खात्री होती. मागच्या खोलीला चुना लावून घेतला. खिडकीची फळी बदलली, तिथून वारा यायचा. विद्याच्या शाळेचे इथे विचारून ठेवले आहे, जूनमध्ये घेतील. मधल्या दिवसांत तिचे नुकसान होईल का, याची काळजी वाटते. तिकडच्या शाळेतून दाखला आणायला विसरू नकोस. नाव मोहिते असेच घातले आहे ना?

गाडी घेऊन परवा गेलो होतो. हयवदनने चालवली. आदल्या दिवशी कृष्णमूर्तीने बैलाच्या देवळाकडच्या चढावर मधोमध थांबवून हँडब्रेकवर उभी करून दाखवली. मी मागे दगड घेऊन उभा होतो. दगड लागला नाही.

पण पासिंग झाले नाही. साहेबांना दुसरे काम निघाले, तारीख पुढे गेली. फेब्रुवारीत बोलावले आहे. गाडीत दोष नाही. तू काळजी करू नकोस.

कांदे इथे महाग झाले आहेत. तिकडे कसे आहेत?

मानसिंगराव


गवीपुरम, बंगळूर
२५ जानेवारी १९६०

चि. हेमलता हिला आशीर्वाद.

परवा पासिंगबद्दल लिहिले ते खरे नाही. साहेबांना काही काम निघाले नव्हते. हयवदन तुला कार्ड घालीन म्हणतो. त्याच्याकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो.

आमचा नंबर अकराच्या सुमारास आला. साहेब तरुण आहे, खाकी टोपी, बोलणे नीट. त्याने दिवे लावून बघितले. हॉर्न दाबला. टायरवर बोट फिरवले. चारी दारे उघडून लावली, डावे मागचे दोनदा. मग स्वतः बसून गाडी अंगणात फिरवली, जोरात ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी थांबली. उतारावर हँडब्रेक ओढून खाली उतरला, गाडी हलली नाही. प्रत्येक वेळी "सरी", ठीक आहे, असे म्हणत होता. मी मोजत नव्हतो, पण सगळ्याला सरीच म्हणाला. हयवदनने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग त्याने फळीवर कागद ठेवून पेन काढले.

"मालक कोण?"

"माझा मुलगा."

"बोलवा त्याला. सही पाहिजे."

त्याने मान वर केली.

"अज्जा, मालक कुठे आहे?"

मी म्हटले, "बाहेर गेला आहे."

"परगावी?"

"हो."

"कधी येणार?"

"येईल."

हयवदन पुढे येऊन काही बोलणार होता. मी त्याचा हात धरला, जोरात धरला असे तो नंतर म्हणाला. साहेबाने पेनाला टोपण लावले. म्हणाला, गाडी ठीक आहे, पण मालकाशिवाय मी लिहू शकत नाही, तो आला की घेऊन या. फेब्रुवारीची तारीख दिली. त्यानंतर परवान्याची मुदत संपते, मग माझ्या हातात काही नाही, असेही सांगितले. चांगल्या शब्दांत सांगितले.

येताना हयवदनने लालबागेपर्यंत गाडी आणली. मग म्हणाला, "अण्णा, एका शब्दाचे काम होते." मी म्हटले, "समोर बघून चालव."

हेमलता, मला साहेबाची भीती वाटली नाही. काय सांगायचे ते मी घरून ठरवून गेलो होतो, कानडीत जुळवून ठेवले होते. ते तोंडात आले नाही. आता बघतो तर मी सगळीकडे असेच केले आहे. कचेरीत न जायला पाऊस नव्हता. पोस्टमन विचारतो, प्रताप मोहिते कुठे असतात, मी म्हणतो बाहेर गेला आहे. तो नवा आहे, त्याला माहीत नाही. गोसावी मठातला पुजारी गावाहून आला, त्यालाही तेच. त्या वेळी जे घरी आले त्यांना आधीच कळलेले होते. कोणी मला विचारले नाही, मला कोणाला सांगावे लागले नाही. माझ्या तोंडून ते अजून एकदाही निघालेले नाही. या कागदावरही मी ते लिहू शकत नाही, तू बघतेस.

एवढे पट्टे सोडवले, वायरी जोडल्या, केबल घातली, आणि माझ्यामुळे गाडी अडकली. तुमचे घर अडकले. दुसऱ्या कोणाला पाठवावे तर घरचा माणूसच लागतो म्हणतात. पुढच्या तारखेला काय होईल मला सांगता येत नाही.

मानसिंगराव


कोल्हापूर
६ फेब्रुवारी १९६०

तीर्थरूप मामंजींना नमस्कार.

तुम्ही काही बोलायचे नाही. सोबत कागद आहे, तो साहेबांच्या पुढे करायचा. बालवाडीच्या मोठ्या बाईंनी इंग्रजीत लिहून दिला आहे, खाली माझी सही आहे. त्यात लिहिले आहे की माझे पती प्रतापराव मानसिंगराव मोहिते हे गेल्या आषाढात बंगळूर येथे मरण पावले, मी त्यांची वारस आहे, आणि माझ्या वतीने माझे सासरे गाडी दाखवत आहेत. बाईंनी विचारले, काय लिहू? म्हणून मला आधी मराठीत सांगावे लागले. मी एका दमात सांगितले. नंतर बाईंनी पाणी दिले. मला तहान लागली नव्हती, पण प्यायले.

तुम्ही मला खरे लिहिलेत, आता मलाही लिहिले पाहिजे.

मी बंगळूरला परत येणार नाही, मामंजी. जूनपासून मी शिक्षिकेचे ट्रेनिंग घेणार आहे. माझी सातवीची फायनल झालेली आहे म्हणून घेतात. ते ठरून बरेच दिवस झाले. गाडी विकायची नाही असे मी दादाला सांगितले ते तुमच्यासाठी. मला वाटत होते, तुम्हाला खायला दुसरे काही साधन नाही आणि गाडी हीच तुमची दिवस घालवायची गोष्ट आहे. तुम्ही माझ्यासाठी ती जपता आहात हे मला चुन्याचे वाचेपर्यंत कळले नाही. त्या पत्राला उत्तर लिहायला बसले होते, तेवढ्यात दुसरे आले.

त्या घरात मला राहता येणार नाही. बाहेर हॉर्न वाजला की मी अजून दिवा घेऊन दार उघडायला उठते, इथे कोल्हापुरातसुद्धा. तिथे तर तोच हॉर्न वाजेल.

आणि एक. तुम्ही साहेबांना जे सांगितलेत तेच मी इथे करते. विद्याला मी अजून काही सांगितलेले नाही. निघताना ती विचारायला लागली तेव्हा भाडे लांबचे आहे म्हटले. तेच चालू आहे. आधी रोज विचारायची. आता मैत्रिणींना स्वतःच सांगते, माझे बाबा लांबच्या भाड्याला गेले आहेत. मी ऐकते आणि भाकरी थापत राहते. तेव्हा तुमच्या हातून चूक झाली असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

कागद पुढे करा. नाही केलात आणि परवाना गेला तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही. गाडी ठेवा किंवा विका, दोन्हीला माझी सही आहे.

हेमलता


गवीपुरम, बंगळूर
२० फेब्रुवारी १९६०

चि. हेमलता हिला आशीर्वाद.

गाडी पास झाली.

तुझा कागद मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. तोच साहेब होता. त्याने गाडी पुन्हा बघितली नाही, नुसते तिच्याभोवती चालला. पुढच्या चाकापाशी वाकला आणि वाकूनच विचारले, "काय अज्जा, मालक आला का?"

मी कागद काढून पुढे केला. पण तो चाकाकडे बघत होता, माझ्या हाताकडे नाही. मी कागद खाली घेतला. मग म्हटले, "माझा मुलगा वारला."

कानडीत म्हटले. मोठ्याने निघाले. शेजारच्या गाडीवाल्यानेही मान वळवली.

साहेब उभा राहिला. "कधी?"

"आषाढात."

"मग मागच्या वेळी का नाही सांगितले?"

"मागच्या वेळी जमले नाही."

त्याने कागद घेतला, वाचला, तुझी सही बघितली. टोपी काढून काखेत धरली आणि लिहायला लागला. बराच वेळ लिहीत होता. मध्ये एकदा विचारले, वय काय होते. मी सांगितले. परवाना तुझ्या नावावर करायचा अर्जही आतल्या कारकुनाकडून त्यानेच मागवला. मग म्हणाला, "सरी," आणि टोपी घातली.

बाहेर आलो तर हयवदन बॉनेटला टेकून रडत होता. मी रडलो नाही. मला काही वाटले नाही, खरे तेच लिहितो. फाटकाजवळ चहावाला आहे, त्याने विचारले, काम झाले का? मी म्हटले, झाले, माझा मुलगा वारला. तो मला ओळखतही नव्हता, गडबडला, चहाचे पैसे घेईना. येताना गाडी कृष्णमूर्तीच्या दुकानावर थांबवली, त्यालाही सांगितले. त्याला माहीत होते, तरी तो हातातले काम ठेवून ऐकत उभा राहिला. घरी पोस्टमन आला तेव्हा त्याला सांगितले. मठात जाऊन पुजाऱ्याला सांगितले. संध्याकाळी रत्नाबाई म्हणाल्या, "अण्णा, आता पुरे, बसा." तेव्हा बसलो. तेव्हा पाय दुखत आहेत हे कळले.

गाडीची चावी हयवदनला दिली. तो कालपासून चालवतो आहे. अर्धे माझ्याकडे आणून देईल, त्यातले मला लागते किती, उरेल ते तुला पाठवीन. तुझे ट्रेनिंग होईपर्यंत गाडी ठेवू, पुढचे पुढे. हॉर्न त्याने दारात वाजवू नये असे सांगितले आहे. तो नाक्यावर थांबून चालत येतो.

तू तिकडेच राहा. तुझे पत्र मी दोनदा वाचले, रागावलो नाही. रत्नाबाईंना वाचून दाखवले नाही. खोलीला चुना लावला तो भिंतीला चांगलाच असतो. शाळेत जाऊन विद्याचे नाव काढायला सांगितले. ट्रेनिंगच्या बायकांना लांब चालत जावे लागते का? चप्पल चांगली घे. पावसाळ्यात छत्री लागेल. त्या इंग्रजी लिहिणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग.

विद्याला तू काही सांगू नकोस. तुला ते आणखी एकदा तोंडातून काढायला लागू नये. शिमगा झाला की मी तिकडे येतो. गाडीत जागा मिळाली नाही तर उभा येईन. तिला घेऊन रंकाळ्यावर जाईन, शेंगा घेऊन देईन, आणि तिथे बसून सांगेन. ती रडली तर रडू देईन. ती परत परत विचारील, मुले विचारतात. जितके वेळा विचारील तितके वेळा सांगेन. तोवर भाडे लांबचेच राहू दे.

मला आता सांगता येते.

मानसिंगराव